काजळी, मशेरी आणि एक विषाणू

तंबाखूचं बिल हिशेब विभागातून परत आलं. वर लाल शाईत शेरा, 'सदर खर्च अनुज्ञेय नाही.' मी तेव्हा कर्करोगाच्या संशोधनात पीएच.डी.ला नुकतीच लागले होते. लालबाग, दादर, कोल्हापूर, सांगली, जिथे म्हणून ओळखीचं कोणी होतं तिथून तंबाखू आणि मशेरी आणवली होती. प्रत्येक पुडीवर गावाचं नाव आणि तारीख, सगळं शिस्तीत. बिल घेऊन मी खाली गेले. तिथल्या कारकुनांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकता ऐकता ड्रॉवरमधून डबी काढली, डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्याने मळली, दोन टिचक्या मारून भुकटी उडवली, चिमूट खालच्या ओठाआड सारली आणि मग म्हणाले, "मॅडम, पान-तंबाखूची बिलं सरकार पास करत नाही. उद्या तुम्ही दारू आणाल." वर येऊन सरांना सांगितलं तर ते हसत सुटले. त्यांनी बिल पुन्हा लिहायला लावलं: 'वनस्पतिजन्य नमुने, वाळवलेले व भाजलेले.' पैसे आठवड्याभरात मिळाले.

यातले भाजलेले नमुने म्हणजे मशेरी. शहरी वाचकांपैकी काहींनी ती पाहिलीही नसेल, म्हणून सांगते. लोखंडी तव्यावर तंबाखूची पानं घालायची, काळी होईपर्यंत परतायची, गार झाली की चुरून, चाळून डबीत भरायची. सकाळी बोटाने दातांना-हिरड्यांना लावायची. नुसत्या सकाळवर भागत नाही, दुपारचं जेवण झालं की पुन्हा डबी निघते. लालबागच्या एका चाळीत एका मावशींनी मला चुलीशी बसवून हे सगळं दाखवलं. धुराने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्या मात्र निवांत.

"एवढी मशेरी कुनासाठी न्हेताय बाई?"

तपासायला, म्हटलं.

"हिच्यात काय तपासायचं? लावली न्हाई तर सकाळी पोट साफ हुईत न्हाई. आन् दात बघा माजे."

दात खरंच चांगले होते. पण खालच्या ओठाआड, हिरडीला लागून एक पांढरट चट्टा होता. डॉक्टरांना दाखवून या, असं मी दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुखत न्हाई की."

प्रयोगशाळेत परतल्यावर त्या भुकटीचा अर्क काढायचा. काचपट्टीवर सिलिकाचा पातळ थर, खालच्या कडेला अर्काचा ठिपका, आणि पट्टी द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढत जातं तसतसे अर्कातले घटक वेगळे होतात. पट्टी वाळवून अंधाऱ्या कपाटात अतिनील दिव्याखाली धरली आणि एका उंचीवर निळा-जांभळा पट्टा लखलखला. शेजारी शुद्ध बेन्झोपायरीनचा, म्हणजे काजळीत आणि डांबरात असणाऱ्या एका कर्करोगकारक पदार्थाचा, ठिपका सोडला होता. तोही त्याच उंचीवर, त्याच रंगाचा. मला अतोनात आनंद झाला. संशोधकाचं हे असंच असतं, विष सापडलं की तो खूश. मावशींचा चट्टा आठवला तो रात्री, लोकलमध्ये.

या निळ्या चमकेनेच बेन्झोपायरीन पहिल्यांदा पकडलं गेलं होतं. कथा जुनी आहे. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणकोशाचा कर्करोग होतो आणि तो काजळीने होतो. १९१५ मध्ये तोक्योत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने कोलटार चोपडून कर्करोग घडवून दाखवला. डांबरात कारण आहे हे ठरलं, पण डांबरात शेकडो पदार्थ. त्यातला गुन्हेगार कोण? लंडनमध्ये अर्नेस्ट केनावे यांच्या गटाने दोन टन डांबर घेतलं आणि ते गाळत, उकळवत, विभागत गेले. कोणता भाग पुढे न्यायचा हे त्यांनी चमकेच्या वर्णपटावरून ठरवलं. १९३३ मध्ये त्यांच्या हाती पिवळे स्फटिक लागले. दोन टनांतून काही ग्रॅम. मी आयुष्यभर जे रसायनशास्त्र केलं त्याचा उगम या दोन टनांत आहे, आणि अजूनही मला त्या माणसांच्या चिकाटीचं अप्रूप वाटतं. आजच्या कोणत्याही निधी देणाऱ्या समितीने हा प्रस्ताव पहिल्या बैठकीत फेकून दिला असता.

पण बेन्झोपायरीनचं कोडं असं की ते स्वतः फारसं काही करत नाही. परीक्षानळीत डीएनएबरोबर ठेवा, दोघं शेजारी शेजारी बसून राहतील. पाच कड्यांचा तेलकट, सपाट, आळशी रेणू. मग १९६४ मध्ये लंडनच्याच चेस्टर बीटी संस्थेत पीटर ब्रूक्स आणि फिलिप लॉली यांनी उंदरांच्या त्वचेवर असे वेगवेगळे पदार्थ लावून पाहिलं. जो पदार्थ जास्त कर्करोगकारक, तो डीएनएला जास्त चिकटतो. म्हणजे शरीरात गेल्यावर त्याचं काहीतरी होतं. काय होतं, ते तिथल्याच सिम्स आणि ग्रोव्हर यांनी १९७४ मध्ये दाखवलं, आणि माझ्या मते जीवरसायनशास्त्रातलं ते सगळ्यात खिन्न करणारं पान आहे.

तेलकट रेणू शरीराला बाहेर टाकता येत नाही, कारण लघवी पाण्याची. म्हणून पेशी त्याला पाण्यात विरघळण्याजोगा करायला निघते. एक विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, त्याच्या कडेला ऑक्सिजन बसवतं. दुसरं विकर तिथे पाणी घालतं. इथवर ठीक. मग पहिलंच विकर पुन्हा येतं आणि शेजारच्या जागी आणखी एक ऑक्सिजन बसवतं, आणि त्या क्षणी तयार होतो एक अत्यंत उतावळा रेणू, डायॉल-इपॉक्साइड. तो थेट डीएनएच्या चार अक्षरांपैकी एका अक्षराच्या, ग्वानिनच्या (जी), नायट्रोजनला जाऊन चिकटतो. घरातली घाण उचलून बाहेर टाकायला निघालेल्या माणसाने ती नेमकी देवघरात सांडावी, तसं. काजळी तुम्हाला मारत नाही. काजळी धुऊन काढणारी तुमची स्वतःची यंत्रणा तिला मारेकरी बनवते. बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी हेच ओळखून १९७३ मध्ये, एखादा पदार्थ जनुकं बिघडवतो का हे पाहणाऱ्या आपल्या जिवाणूंच्या चाचणीत, उंदराच्या यकृताचा अर्क घालायला सुरुवात केली होती. यकृताशिवाय बेन्झोपायरीन निरुपद्रवी दिसतं, यकृत घातलं की बशीत उत्परिवर्तित वसाहतींची गर्दी. आमच्याकडे यकृताचा अर्क काढायचा दिवस असला की सगळा मजला त्या वासाने भरून जायचा आणि वरच्या मजल्यावरचे भौतिकशास्त्रवाले डबे घेऊन गच्चीवर जेवायला जायचे.

तंबाखूत बेन्झोपायरीनपेक्षाही मोठा खलनायक आहे, तो नायट्रोसअमाईन. अमेरिकेत हॉफमन आणि हेक्ट यांनी १९७० च्या दशकात ही खास तंबाखूची नायट्रोसअमाईनं शोधली. पान वाळवताना, मुरवताना निकोटीनपासून आणि त्याच्या भावंडांपासूनच ती बनतात. त्यांना विडी पेटवायची गरज नाही, नुसत्या गालात धरलेल्या तंबाखूतूनही ती लाळेत उतरतात. शरीरात त्यांचंही तेच, यंत्रणा साफ करायला जाते आणि मधल्या पायरीवर एक मिथाइल गट सुटा होतो, सगळ्यात छोटा, एका कार्बनचा. तो ग्वानिनच्या सहाव्या जागेवरच्या ऑक्सिजनवर बसला की ग्वानिन आपली जोडी विसरतं. त्याने सायटोसिनशी जमवायचं, तर ते थायमिनशी जमवतं. पुढच्या विभाजनांत जी ची जागा ए ने, म्हणजे अ‍ॅडेनिनने, घेतलेली असते. बस, एवढंच. कर्करोगाच्या गावाला जाणारा रस्ता इथून फुटतो.

आणि याच जागी मला या क्षेत्राचं वेड लागलं, कारण या एका मिथाइलसाठी पेशीत एक खास प्रथिन आहे. ते ग्वानिनवरचा मिथाइल गट उचलतं आणि स्वतःच्या अंगावर घेतं. मिथाइल एकदा अंगावर आला की तो परत उतरत नाही, ते प्रथिन संपलं. विकर म्हणजे हजार वेळा तेच काम करणारी वस्तू, असं आपण बी.एस्सी.ला शिकतो. हे एकदाच काम करतं. एका दुरुस्तीला एक अख्खं प्रथिन खर्ची. पेशीने हा हिशेब मान्य केलाय यावरूनच तो एक मिथाइल किती महागात पडत असेल ते कळतं.

इतकं सगळं सांगितल्यावर एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध यातल्या बहुतेक गोष्टी कळायच्या आधीच मुंबईत सांगून झाला होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर, टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे आणि पुढे १९५२ मध्ये परळला सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक. संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध १९५५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला: तंबाखू चघळणं, ओढणं आणि तोंड-घशाचा कर्करोग. रुग्णांना बसवून सवयी विचारल्या, निरोगी माणसांना विचारल्या, आकडे मांडले. ना अतिनील दिवा, ना ग्वानिन. मी जन्मायच्या आधी जे ठरलं होतं त्याचा तपशील भरण्यात माझी पंधराएक वर्षं गेली. याचं मला वैषम्य वाटत नाही. कारण कळल्याशिवाय विज्ञान पुढे सरकत नाही, हे खरं. पण मशेरीची डबी ते कळल्यामुळे मागे सरकली, असंही म्हणता येत नाही.

१९८० च्या दशकात ह्यूस्टनच्या रँडेराथ यांच्या गटातून एक पद्धत आली आणि आम्ही सगळे तिच्या मागे लागलो. माणसाच्या डीएनएला चिकटलेला पदार्थ थेट मोजायचा. अब्जावधी सुट्या घटकांत एखाद-दुसरा डागाळलेला असतो, तोही दिसावा म्हणून त्याला किरणोत्सारी फॉस्फरस जोडायचा. फॉस्फरस-३२ चं अर्धआयुष्य सुमारे १४ दिवस. कुपी यायची तारीख ठरलेली असे आणि तिच्या पुढेमागे लग्नं, बारशी, सगळं हलवावं लागे. माल अर्धा संपतो तो तुमच्यासाठी थांबत नाही. शिशाआड काम करायचं नाही, अ‍ॅक्रिलिकच्या जाड पारदर्शक तक्त्याआड करायचं, कारण या किरणोत्साराचे कण शिशावर आदळले की उलट क्षकिरण निघतात. हे नव्या मुलांना पटवायला वेळ लागायचा, त्यांचा शिशावर गाढ विश्वास. तक्त्याखालून हात घालून दहा मायक्रोलिटर उचलायचे, बाजूला गायगर काउंटर कडकड वाजतोय, कडकड वाढली की हातमोजा बदलायचा. मग पिवळसर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर चार दिशांनी चार वेगवेगळी द्रावणं चढवायची, एकेक चढायला रात्र. शेवटी पट्टी क्षकिरण फिल्मवर दाबून वजा ७० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायची. फिल्म धुवायला डार्करूममध्ये गेलं की लाल दिव्यात ती डेव्हलपरमध्ये हलवताना काळे ठिपके हळूहळू वर येत. प्रत्येक ठिपका म्हणजे कोणाच्या तरी पेशीतल्या डीएनएवर बसलेलं काहीतरी.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या ऊतींत ठिपके येतच नसत, फिल्मवर तिरका धुरकट पट्टाच येई. इतकी गर्दी की एकेक ओळखूच येऊ नये. तंबाखू चघळणाऱ्यांच्या आणि मशेरीवाल्या बायकांच्या गालातल्या पेशींत मात्र आम्हाला हवा तितका ठसठशीत फरक मिळेना. एक तर न खाणाऱ्यांच्या डीएनएवरही ठिपके होतेच. मुंबईच्या हवेत श्वास घ्यायला तंबाखूची सवय लागत नाही, ट्रकचा धूर पुरतो. आणि दुसरं कारण जास्त बोचणारं. ही पद्धत मोठे, बोजड, अनेक कड्यांचे रेणू पकडायला उत्तम. नायट्रोसअमाईनचा तो चिमुकला मिथाइल तिच्या जाळ्यातून सरळ निसटतो. मुख्य आरोपीच आमच्या कॅमेऱ्यात येत नव्हता.

मी विषाणूंकडे वळले ते याच सुमाराला, आणि माझ्या गटात त्यावर बरीच कुजबुज झाली. तेव्हा केमिकलवाले आणि व्हायरसवाले अशा दोन जाती होत्या. सेंट्रिफ्यूजच्या वहीत नाव कोणी आधी लिहिलं यावरून भांडणं, एकमेकांच्या सेमिनारला जायचं ते चहाबिस्किटांपुरतं. व्हायरसवाल्यांची पत त्या काळात जरा घसरलेलीच होती. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांतला कर्करोग विषाणूने होतो हे दाखवलं, त्यांना नोबेल मिळालं ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. त्यानंतर अमेरिकेने माणसाच्या कर्करोगाचे विषाणू शोधण्यावर पाण्यासारखा पैसा ओतला आणि हाती फार थोडं लागलं. त्या शोधाची एक शाखा मुंबईतही होती. उंदरांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातल्या विषाणूने पिल्लांत जातो, हे बिटनर यांच्या १९३६ पासूनच्या कामातून ठाऊक होतं. मुंबईतल्या पारशी स्त्रियांत हा कर्करोग इतर समाजांपेक्षा जास्त. तेव्हा त्यांच्या दुधात तसेच कण आहेत का, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं. १९७१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या निबंधावर अमेरिकन नावांबरोबर सिरसाट, पेमास्टर, वैद्य ही मुंबईची नावं आहेत. कण दिसले होते. पण दिसणं आणि कारण असणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर कधी कापलं गेलं नाही. बायकांनी उगाच आपल्या दुधाची धास्ती घेतली असेल, असं मला नेहमी वाटतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं वेगळं झालं. सगळे नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूमागे धावत असताना जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउझेन चामखिळीच्या विषाणूवर अडून बसले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने या विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, १६ क्रमांकाचा प्रकार काढून दाखवला, पाठोपाठ १८. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोघांच्या नावावर. त्यांनी हीला पेशी तपासल्या तर त्यांतही एचपीव्ही-१८ चा डीएनए निघाला. हे वाचून मी खुर्चीत बसून राहिले होते. हीला पेशी म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या गाठीतून १९५१ मध्ये, तिला न विचारता, वाढवलेल्या पेशी. बाल्टिमोरच्या ज्या जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढल्या, तिथेच काम करून आपल्या डॉ. कमल रणदिवे पेशीसंवर्धन शिकून आल्या आणि परळला त्यांनी भारतातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. जगभरच्या इनक्यूबेटरमध्ये त्या पेशी तीस-बत्तीस वर्षं वाढत होत्या. माझ्याही फ्लास्कमध्ये होत्या. मी त्यांवर बेन्झोपायरीन ओतत होते, आणि त्यांना कर्करोग कशाने झाला याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या गुणसूत्रात विणलेलं होतं.

रसायनवालीला विषाणूत काय मिळालं? तर तीच जागा, फक्त वेगळ्या दाराने. पी-५३ हे प्रथिन सापडलं तेच मुळी १९७९ मध्ये माकडाच्या एका विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेलं. डीएनए बिघडला तर विभाजन थांबवणं, दुरुस्ती होईना तर पेशीला मरायला लावणं, हे त्याचं काम. माणसाच्या निम्म्याअधिक कर्करोगांत त्याचा जनुक बिघडलेला आढळतो. १९९१ मध्ये कळलं की बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनने होणाऱ्या यकृताच्या कर्करोगात तो २४९ व्या कोडॉनलाच, म्हणजे जनुकातल्या तीन अक्षरांच्या त्या एका गटातच, बिघडतो. १९९६ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला: बेन्झोपायरीनचा डायॉल-इपॉक्साइड पेशींवर सोडला तर तो पी-५३ च्या १५७, २४८ आणि २७३ या कोडॉनवर सगळ्यात जास्त चिकटतो, आणि सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात जनुक नेमका तिथेच बिघडलेला असतो. केनावेंचे पिवळे स्फटिक, ब्रूक्स-लॉलींचे उंदीर, सिम्स-ग्रोव्हर यांचा तो उतावळा रेणू, सगळे त्या एका आकृतीत येऊन बसले होते. तंबाखू कंपन्या तोवर म्हणत होत्या की संबंध फक्त संख्याशास्त्रीय आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र पी-५३ चा जनुक बहुधा धडधाकट. कारण एचपीव्हीला जनुक बिघडवायची गरजच नाही. त्याचं ई-६ नावाचं प्रथिन पेशीतल्याच एका विकराला हाताशी धरतं आणि तयार झालेलं पी-५३ पेशीच्या कचरायंत्रात पाठवतं. एक अक्षरही न बदलता काम फत्ते. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या गाठींचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून मी हे जेव्हा स्वतः पाहिलं, एकात अक्षर बदललेलं, दुसऱ्यात सगळी अक्षरं जागच्या जागी, तेव्हा दोन जातींचं ते भांडण मला फार पोरकट वाटलं.

पण यानंतर दोघांच्या वाटा अशा फुटल्या की त्याचा विचार मी निवृत्तीनंतरही करत असते. विषाणूला अंगरखा असतो. एचपीव्हीच्या अंगरख्याचं एल-१ हे प्रथिन यीस्टमध्ये बनवलं तर ते आपोआप पोकळ चेंडूसारखं जुळतं, आत डीएनए नाही, रोग नाही, पण आपल्या प्रतिकारशक्तीला ते अस्सल विषाणूच वाटतं. २००६ मध्ये लस बाजारात आली, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. बेन्झोपायरीनला, नायट्रोसअमाईनला असा चेहराच नाही. ते इतके लहान की प्रतिकारशक्ती त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. त्यांच्याविषयी आपल्याला सगळं कळलं, कोणता ऑक्सिजन कुठे बसतो, कोणत्या कोडॉनला काय होतं. आणि एवढं सगळं कळून डॉक्टरांच्या हाती देण्याजोगं वाक्य निघालं एकच: खाऊ नका. ते खानोलकरांनाही सांगता येत होतं.

विषाणूच्या बाजूची खरी कमाई तर प्रयोगशाळेत झालीच नाही, ती बार्शीत झाली. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गट करून तपासणीच्या पद्धती तोलून पाहिल्या. २००९ मध्ये निकाल आला: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. ज्या गावांत डॉक्टर बाईसमोर पदर सावरून बसणाऱ्या बायका होत्या, तिथे घरोघर जाऊन त्यांना तपासणीला आणणाऱ्या आरोग्यसेविकांचं नाव कोणत्याही निबंधात पहिलं येत नाही. माझ्या मते यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट निव्वळ अपघाताची. त्याच २००९ मध्ये देशात अनेक ठिकाणी, बार्शीही त्यात होतं, मुलींना लसीचे तीन डोस लागतात की दोन पुरतात, हा अभ्यास सुरू झाला. २०१० च्या एप्रिलमध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, संमती घेण्याच्या पद्धतीवर मात्र ताशेरे ओढले गेले, आणि ते रास्त होते. पण सरकारने सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. सुमारे अठरा हजार मुलींपैकी हजारो जणींना एकच डोस मिळून राहिला. शास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला, पण मुलींची पाठ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं की एका डोसचं संरक्षण दोन-तीन डोसांच्या तोडीचं आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली, त्यात या मुलींच्या आकडेवारीचा मोठा वाटा आहे. कोणत्याही नीतिसमितीने असा प्रयोग आखून दिला नसता.

मध्यंतरी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत पालकांशी बोलायला गेले होते, विषय मुलींची लस. बायका पुढे, बाप मागे भिंतीला टेकून. एका बापाने हात वर केला, गाल फुगलेला, त्यामुळे आधी खिडकीतून थुंकून आले. "मॅडम, लशीचं साइड इफेक्ट काय?" प्रश्न अगदी रास्त होता. दंड दुखतो, कोणाला ताप येतो, क्वचित इंजेक्शनच्या धास्तीने चक्कर येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, असं सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग खिशातून पुडी काढून दाखवली, खरंतर दोन पुड्या. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, म्हणून पानमसाला वेगळा आणि तंबाखू वेगळी विकतात, गिऱ्हाईक तोंडात एकत्र करतं. "आन् याची लस कवा येनार?"

बायका हसल्या. मी म्हटलं, निकोटीनविरुद्ध लस करून पाहिली शास्त्रज्ञांनी, मोठ्या चाचणीत ती पडली. एवढ्यावर ते गप्प बसतील असं वाटलं होतं, पण त्यांना कारण हवं होतं. मग मी फळ्यावर ग्वानिन काढलं, त्याच्या डोक्यावर मिथाइल काढला आणि तो उचलून घेणाऱ्या प्रथिनाची हकिगत सांगितली. एका मिथाइलला एक प्रथिन जातं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मंग असं रोज किती बनतंय गालात?" माणसागणिक वेगळं, म्हटलं, आणि काहींच्या पेशींत तर त्याचा जनुकच कुलूपबंद होऊन जातो. हेडमास्तर घड्याळाकडे बघत होते. तरी त्यांचे आणखी दोन प्रश्न झालेच, एक सुपारीबद्दल आणि एक चुन्याबद्दल.

त्यांच्या मुलीला लस दिली, असं शाळेतल्या बाईंनी नंतर फोनवर सांगितलं. पुड्यांचं त्या काही बोलल्या नाहीत.